सोजराबाईचा डब्बा

परवा आमचा पोरगा प्रेम तेरवीच्या बोर्डाचा मजकूर लिहून चिखलीहून घेऊन आला. 'प्रेमळ, कष्टाळू, धर्मपरायण मातोश्री सोजराबाई.' मी म्हणलं, हे बाई कोन आहे बे? माह्या घरात तं नव्हती. पोरगं रुसलं. पण तुमीच सांगा, गावातल्या सगळ्याच मेलेल्या बाया बोर्डावर प्रेमळ अन् कष्टाळू असतात. मंग आमची बुढी त्यातून ओळखाची कशी?

ती कारागीर होती. भाद्रपदाची पुनव आली का आमच्याकडे महिनाभर पोरी-बाया रोज संध्याकाळी भुलाबाई मांडतात, गाणे म्हणतात अन् शेवटी बंद डब्ब्यातला खाऊ ओळखतात. वावरातली काळी माती चाळून भुलाबाई अन् तिचा नवरा भुलोजी ती सोता घडवे. भुलोजीचं नाक मुद्दाम माह्यासारखं वाकडं करे. गाणे मनानंच जोडे. एक तं माह्यावरच होतं:

कडूबाचा राग बाई दोडक्याचा वेल,
मांडवावर चढला तं उतरवाले कोन जाईल.

पोरी टिपऱ्या वाजवून म्हणत, अन् मी ओट्यावर बसून दात खात राहो. आता वाटते, अजून दहा कडवे जोडले असते तरी चाललं असतं.

खाऊत तं तिचा हात कोनी धरला नाई. भोपळ्याच्या बिया गुळात घोळे अन् डब्ब्यात कापसात दाबून भरे, म्हणजे हलवला तरी आवाज नाई. वरून एक चिंचोका टाके, म्हणजे आला तरी खोटाच आवाज. ओळखता नाई आलं तं 'हरलो' म्हणाचं, मंगच ती झाकण उघडे. बाया पाच मिनटात हरत. मी ओट्यावरून लाह्या म्हणो, फुटाणे म्हणो, पण हरलो काही म्हणो नाई. ती म्हणे, मंग तुमाले खाऊ नाई. दुसऱ्या दिवशी मी वावरात जाऊन जेवणाचा डब्बा उघडला का भाकरीच्या खाली कोपऱ्यात तोच खाऊ निघे. चाळीस वर्षं असंच चाललं. तिनं कधी बोलून दाखवलं नाई अन् मीही कधी इचारलं नाई.

औंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिले लकवा मारला. उजवी बाजू गेली अन् वाचाही गेली. बुलढाण्याच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. डॉक्टर म्हणले घरी न्या, सेवा करा, दुसरा झटका आला तं सांगता येत नाई. आयुष्यभर गाणे जोडणाऱ्या बाईजवळ एकच शब्द उरला होता. डब्बा.

दिवसातून दहा वेळा ती तोच म्हणे. माह्याकडे पाहे, डावा हात जरासा उचले अन् म्हणे, डब्बा. सगळ्याईले समजलं का हिले काहीतरी पाह्यजे. काय पाह्यजे, ते समजे ना. सून अनुपमानं मिसळणाचा डब्बा आणला, बांगड्याचा आणला, सुईदोऱ्याचा आणला. म्हातारी मान हलवे. नाई. प्रेमनं कोठीतले सारे पिंप उपसले. नाई. तिच्या डोळ्यातून पाणी येई अन् माह्या अंगाची लाही होई. एकदा तं मी तिच्यावरच वरडलो, का कोनता डब्बा ते नीट सांग. जिची जीभच गेली तिले मी नीट सांग म्हणलो. थुत् माह्या जिनगानीवर.

मले एकच भेव होतं. तिच्या मनातलं न समजता ती गेली तं मी उरलेले दिवस काढू कसे? देवाजवळ मी दुसरं काही मागतलं नाई. वाचवू नको म्हणलं, पण एवढं समजू दे.

आमची नात रेवती नऊ वर्षाची. ती म्हणली, आबा, तुमी हरलो म्हणून टाका ना, मंग आजी सांगते. मी म्हणलं, चूप बस. मले वाटे, जोवर मी ओळखून राह्यलो तोवर डाव चालू आहे. हरलो म्हणलं का डाव संपला, अन् बुढी उठून जाते.

विसाव्या दिवशी सकाळी माह्या डोक्यात लख्ख पडलं. भुलाबाईचा पितळी डब्बा! खाऊचा! तो तिनं मागच्या साली पोरीले, मंजुश्रीले, देऊन टाकला होता. मंजुश्री मेहकरले राहते. पुनव होऊन गेलती, गावात गाणे सुरू झालते, आमचंच अंगण सुनं होतं. तिले दुसरा कोनता डब्बा आठवणार? मी टोपी घातली अन् एसटीसाठी निघालो. दाराशी गेलो तं मागून आवाज आला. डब्बा. इतका मोठा आवाज वीस दिवसात निघाला नव्हता. मी वळूनही पाह्यलं नाई.

"आणून राह्यलो ना," म्हणलं मी, "जरा दम धर."

मेहकरले पोरीनं डब्बा चिंचेनं घासून लखलखीत करून देला अन् सोबतच निघाली. परत येताना बसमंधे मी तो मांडीवर धरून होतो. चिखलीच्या अलीकडे प्रेमचा फोन आला. मंजुश्रीनं घेतला. तिचं तोंड पाह्यलं अन् मले समजलं.

घरी आलो तं तिले अंगणात ठेवलं होतं. मी तो पितळी डब्बा तिच्या उशाशी ठेवला. रेवती माह्याजवळ आली अन् हळूच म्हणली,

"आबा, आजी हा डब्बा नव्हती मागत."

"मंग कोनता?"

"तुमी उठून चालले का मंगच आजी डब्बा म्हणे. तुमी बसून असले का नाई म्हणे. आज तुमी गेल्यावर तिनं खुटीकडे हात केला."

खुटीले माह्या जेवणाच्या डब्ब्याची थैली लटकून होती. अनुपमानं सकाळी रस्त्यासाठी भरून देली होती अन् मी विसरलो होतो. जलमभर विसरलो. वावरात निघालो का रोज डब्बा खुटीलेच राहे, अन् रोज सोजरा उंबऱ्यातून हाक मारे: डब्बा! तिले काहीच पाह्यजे नव्हतं हो. वीस दिवस ती मलेच इचारून राह्यली होती, का उपाशी कुठं चालले. अन् मी घरभर झाकणं उघडत फिरलो.

मातीहून आल्यावर आमच्यात चूल पेटत नाई. शेजारच्या आशाबाईनं कडू घास आणला, भात अन् वरण. सगळ्याईनं दोन दोन घास गिळले. मी ताट सारलं. उठून खुटीवरची थैली काढली अन् ओट्यावर जाऊन बसलो. रेवती बाजूले येऊन बसली. मी डब्बा मांडीवर घेतला, पण उघडाची हिंमत होई ना.

"हरलो," म्हणलं मी, "प्रेमची माय, हरलो."

नेमानं झाकण तिनं उघडाले पाह्यजे होतं. शेवटी मीच उघडलं. दोन भाकरी होत्या, बेसन होतं, कांदा होता. भाकर वातड झालती, तरी पुरी खाल्ली. मंग कोपऱ्यात बोट घालून पाह्यलं. खाऊ नव्हता.