लेसरच्या खोलीबाहेरची बाई

पायाच्या खाजेसाठी मी नांदेडला कातडीच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला जाते. तिथं लेसरच्या खोलीबाहेर एक बाई बसते. तोंडावर कायम मास्क. येणारीला ती एकाच सुरात सांगते, "यंत्रानं केस कमी होतात, कायमचे जातीलच असं न्हाई. लई येळा यावं लागतं." सांगून सांगून थकलेली, समोरच्याकडे बघतही नाही. मला ती तुसडीच वाटायची.

परवा हदगावची एक आई लेकीला घेऊन आली. पोरीच्या हनुवटीला केस येतात. डॉक्टरांसमोर तसं कसं न्यायचं, म्हणून आईनं आदल्या दिवशी दोरा लावून सगळे उपटून टाकले होते.

"मूळच न्हाई, तर यंत्र जाळणार काय?" बाई म्हणाली. "आता महिनाभर दोरा बंद. वाढले की रेझर फिरवायचा."

"पंधरा दिवसांनी पाव्हणे बघायला येणार हायेत," आई म्हणाली. "अन् पोरीच्या जातीनं दाढी करायची व्हय, मॅडम?"

बाईनं मास्क खाली ओढला. पोरीचं बोट धरून स्वतःच्या हनुवटीवरून फिरवलं. "सकाळीच केलीय," म्हणाली आणि मास्क वर घेतला. इतक्या दिवसांत तिचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. चारचौघींसारखंच होतं.

आई लेकीला घेऊन निघाली. त्यांच्या मागून मी जिना उतरले. खाली मेडिकलपाशी आई रेझर मागायला अडखळली.

पोरगी म्हणाली, "तू थांब हितंच. मी मागते."