उतारावरचं वळण

रस्त्यावर पांढरे पट्टे मारण्यात त्याची एकतीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्याला रेघवाला म्हणत. दोरी ताणायची, खडूने आखायचं, मग रंगाची गाडी ढकलायची. स्वभावही तसाच, नाकासमोर चालणारा. निवृत्त झाल्यावर घरात बसून बसून त्याचे पाय आंबले. तेवढ्यात नगरपालिकेने बोलावलं.

गावामागे मालगाडीचे रूळ कधीच उखडले होते आणि नुसती पट्टी उरली होती. तिथे चालायला आणि सायकलला एकच वाट होणार होती, आणि वाटेच्या कडेने चित्रं, शिल्पं. आखणीचं काम रेघवाल्याकडे आलं.

जुन्या पुलापाशी उतार होता आणि उताराखाली वळण. शिल्पकार बाईंचं मोठं शिल्प, एक बसलेली लोखंडी बाई, त्या वळणावर, वाटेला अगदी लागून बसणार होती. चौथऱ्यासाठी खड्डाही खणून झाला होता. चौथऱ्याची कड रेघवाल्याने खडूने आखली आणि घरी येऊन बायकोला सहज सांगितलं.

बायको वीस वर्षं त्याच उतारावरून सायकलने लाँड्रीत कामाला गेलेली. भाजी चिरता चिरता तिने सुरी थांबवली.

"उताराच्या खालीच? अहो, उतारावर कोण पेडल मारतं? पाय सोडून देतात सगळे. सरळ त्या बाईच्या मांडीवर जाऊन बसतील."

दुसऱ्या दिवशी त्याने इंजिनियरच्या कानावर घातलं.

"नकाशा मंजूर झालाय, काका," इंजिनियर म्हणाला. "तुम्ही रेघा मारा."

शिल्पकार बाईंनी निदान ऐकून घेतलं. "पण वळण घेतल्याबरोबर ती एकदम समोर यायला हवी," त्या म्हणाल्या. "सगळी गंमत त्यातच आहे."

"एकदमच येईल," रेघवाला म्हणाला.

घरी त्याने काही सांगितलं नाही, पण बायकोने चेहरा वाचला. सकाळी तिने चाकांत हवा भरली, पदर खोचला आणि त्याच्याबरोबर निघाली. पुलापाशी शिल्पकार बाई आणि इंजिनियर माप घेत उभे होते.

"मी वरून येते," ती म्हणाली. "रोज येत होते तशी. तुम्ही फक्त बघा."

रेघवाल्याने एकदा उताराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. साठीची बाई, गुडघे दुखरे. पण तिला अडवण्यात अर्थ नव्हता, हे तो लग्नापासून जाणून होता.

ती आली. वळण दिसताच तिने दोन्ही ब्रेक आवळले. चाक खडीवर घसरत गेलं, खडूची रेघ ओलांडून हातभर पुढे आलं आणि खड्ड्याच्या काठाशी थांबलं. थोडी माती खाली पडली.

"आणि मला ही जागा माहीत होती," ती धापा टाकत म्हणाली. "नवख्याचं काय?"

शिल्पकार बाई खड्ड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रेघवाल्याकडून खडू मागितला, वाटेपासून बारा पावलं आत, चढावर गेल्या आणि एका दगडावर फुली मारली.

"इथे चालेल?"

"चालेल," बायको म्हणाली. इंजिनियरने नकाशाची सुरळी केली आणि साहेबाला फोन लावायला बाजूला गेला.

खड्डा बुजवायला दोन दिवस गेले. उद्घाटनाच्या फलकावर कलाकारांची, इंजिनियरची, अध्यक्षांची नावं होती. बायको फलकापाशी जरा जास्तच वेळ थांबली.

"आपलं कुठेच नाही हो."

"रेघेवर कोण सही करतं?" रेघवाला म्हणाला. त्याचं लक्ष खाली गेलं होतं. वळणावर पट्टा जरा जाड झाला होता, तो डोळ्यात खुपत होता.

तीन महिन्यांनी शिल्पकार बाईंचा फोन आला. वाट नदीपर्यंत वाढवायची होती आणि मध्ये दोन उतार होते.

"काका, या वेळी काकूंना पहिल्या दिवसापासून आणा."

त्याने फोनवर हात ठेवून विचारलं. आतून उत्तर आलं.

"येईन म्हणावं. पण आधी चेन बदलून द्या, फार कुरकुरतेय."