भावोजींच्याच हातानं सुरू होणारा लॅपटॉप

“यंत्र कधी बिघडत नसतं, मेहुणे, माणसालाच धीर नसतो.”

भावोजी हे म्हणाले तेव्हा त्यांच्या पुढ्यात मिक्सर सुटा होऊन पडला होता आणि माझी ताई भिजवलेली डाळ घेऊन शेजारणीच्या मिक्सरकडे निघाली होती. दारातून ती म्हणाली, “धीर आहे हो. वाटण नाहीये.”

भावोजींचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं. गावभरची बोलणी त्यांच्या बोटांखालून गेली, स्वतःला मात्र बोलायची फारशी सवय लागली नाही. नोकरीत नवे असताना त्यांच्या एका सहकाऱ्यानं सहज म्हणून तारांची एक पट्टी उपसली आणि अर्ध्या गावाच्या जोडण्या गेल्या. कुठली तार कुठं होती याची नक्कल कुणी ठेवली नव्हती. तेव्हापासून भावोजींचा नियम झाला : आधी नक्कल, मग अक्कल. कशालाही हात लावण्याआधी ते त्याची प्रत काढतात. फ्यूज बदलायचा तरी आधी चित्र काढतात. ताई म्हणते, “लग्नाच्या दिवशी माझीही एक प्रत काढून ठेवायला हवी होती. बिघडल्यावर मूळची तरी मिळाली असती.”

मग ते रिटायर झाले, आणि वस्तूही जणू त्यांच्यासोबत रिटायर झाल्या. नवा फोन उघडतच नाही, डिंकानं चिकटवलेला असतो. वॉशिंग मशीनला कंपनीचा माणूस येतो, स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन. भावोजी त्याच्या शेजारी न सांगता टॉर्च धरून उभे राहतात, आणि तो म्हणतो, “काका, जरा उजेड सोडा.” घरातली एकेक वस्तू अशी त्यांच्या हातातून निघून गेली. उरला फक्त लॅपटॉप.

हा त्यांच्या लेकीचा जुना लॅपटॉप, तिनं नवा घेतल्यावर आईला दिलेला. तेव्हा तो इतका हळू चालायचा की ताई बटण दाबून चहा टाकायची. भावोजींनी त्यातली मूळची सिस्टीम पुसून इंटरनेटवर विनामूल्य मिळणारं लिनक्स बसवलं. म्हाताऱ्या लॅपटॉपच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. त्या दिवशी भावोजी घरभर असे फिरत होते, जणू नोकरीवर परत बोलावणं आलंय.

ताई शिवणकामाचे वर्ग घेते. एका कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानावरची खोली आहे, तिच्यात शिलाई मशीनं, कापायचं एक लांब टेबल आणि एक रिकामी पांढरी भिंत. लॅपटॉपवर बेतलेला कपडा ती प्रोजेक्टरनं त्या भिंतीवर टाकते. बाही जोडायच्या मुंढ्याची गोलाई माणसाएवढी मोठी दिसते, मागच्या बाकावरूनही कळते. वर्ग त्या भिंतीवर चालतो. भिंत कोरी राहिली की ताईला खडू घेऊन फळ्यापुढं उभं राहावं लागतं, आणि तिचा हात सरळ रेघेपुढे कधी गेलेला नाही.

आणि भिंत कोरी राहायला लागली.

लॅपटॉप कधी सुरू व्हायचा, कधी नाही. म्हणजे बटण दाबलं की भावोजींनी हौसेनं बसवलेलं डोंगराचं चित्र यायचं, त्याच्याखाली एक चकती गोल फिरायची, आणि फिरतच राहायची. ताई बटण दाबून धरायची, तो बंद करायची, पुन्हा लावायची. पुन्हा डोंगर, पुन्हा चकती. कंटाळून ती खडू उचलायची.

घरी आणला की मात्र भावोजी त्याला टेबलावर ठेवत, शर्टाच्या खिशातून एक लोकरी मोजा काढत, मोज्यातून नक्कल ठेवायची छोटी डिस्क काढत आणि वायरीनं लॅपटॉपला जोडत. आधी नक्कल. मग बटण दाबत. डोंगर यायचा, चकती दोनदा फिरायची आणि लॅपटॉप शहाण्या मुलासारखा उघडायचा.

“बघ.”

“अहो, पण माझ्या हातानं होत नाही.”

“तू दाबतेस कसं? दारावरची बेल दाबल्यासारखं. हलकं दाबायचं.”

ताईनं हलकं दाबून पाहिलं. डाव्या हातानं दाबून पाहिलं. कधी लॅपटॉप नुसता मिटून नेला असला तर उघडल्यावर लगेच चालायचा. त्या दिवशी ताईला वाटायचं, हलक्या हाताचा गुण आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चकती. मग वर्गातल्या बायकांनीही उपाय काढले. एक नर्स होती, ती म्हणाली, याला गार लागतंय, आधी उन्हात ठेवा. शहर बस चालवणारी एक बाई होती, ती म्हणाली, चढावर लावलाय, टेबल सरळ करा. भावोजींनी दर रविवारी त्यात काही ना काही बदललं, एकदम चार-पाच गोष्टी, त्यामुळे कशानं काय झालं हे त्यांनाही कळेना. पण प्रत्येक वेळी मोजा आधी निघायचा, आणि मग सगळंच सुरळीत. “माझ्याकडे बिघाड दिसतच नाही,” ते मला म्हणाले. आवाजात काळजी होती. काळजीच्या तळाशी, खरं सांगायचं तर, थोडा आनंदही होता.

खालचा दुकानदार जिन्यात उभा राहून ताईला म्हणायचा, “मावशी, फुकटातलं ते असंच असतं. द्या माझ्याकडे. सगळं पुसतो, चारचौघांसारखी सिस्टीम टाकतो. संध्याकाळी घेऊन जा.”

हे भावोजींच्या कानावर आलं तेव्हा ते जेवत होते. घास तसाच हातात राहिला. “फुकटातलं नाही. मोकळं आहे ते. आत काय चाललंय ते कुणालाही बघता येतं.”

“मग बघा ना!” ताई म्हणाली. “इतकं मोकळं आहे तर बघून सांगा. वर्गात माझी शोभा होते. आता एकदा जरी वर्गात बंद राहिला, तरी मी त्या खालच्याला हाक मारणार. नेऊ दे त्याला.”

भावोजींनी ताट सारलं. त्यांच्या मनात काय होतं ते घरात सगळ्यांनाच दिसत होतं. लॅपटॉप खाली गेला की टॉर्च धरायलाही जागा उरणार नव्हती.

“उद्यापासून मी येतो,” ते म्हणाले. “बटण मी दाबीन.”

असे भावोजी शिवणाच्या वर्गाला जाऊ लागले.

पहिल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बायकांनी माना वळवून पाहिलं. त्यांनी मोजा काढला, डिस्क जोडली, बटण दाबलं. भिंतीवर बाही उमटली. बस चालवणारी बाई म्हणाली, “काका, तुमचा हात म्हणजे किल्लीच!” भावोजी लाजले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा लाजताना पाहत होतो. मी तिथं होतो कारण खिडकीला काळा पडदा ठोकायचं काम मला दिलं होतं, आणि तो पडदा सारखा निसटतो.

बटण दाबून झालं की घरी जायला हरकत नव्हती. ते गेले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले. म्हणाले, मध्येच काही झालं तर? मध्ये काही होत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांना मुंढा आणि कॉलर यांतला फरक कळला. तिसऱ्यात मतं फुटली. “इथं इतकी गोलाई कशाला? तार अशी वाकवली तर तुटते.” ताई म्हणाली, “हे कापड आहे. आणि खांदा माणसाचा आहे, खांबाचा नाही.” बायका हसल्या. भावोजीही हसले. नर्सनं त्यांच्या हातात एक परकर देऊन खालची दुमड घालायला लावली. त्यांचा टाका इतका सारखा यायचा की तिनं तिच्या बहिणीचाही परकर आणला. घरून निघताना ते आता आरशात बघत. ताई मला म्हणाली, “हे कामावर निघाल्यासारखे निघतात रे.” ती चेष्टेनंच म्हणाली. पण त्यांचा डबाही तिनंच भरला होता.

एका सकाळी ताईनं मोजा धुवायला टाकला. त्याच्याकडे बघवत नव्हतं, असं तिचं म्हणणं. डिस्क घरी खिडकीत राहिली. वर्गात आल्यावर भावोजींनी खिसा चाचपला, तो रिकामा. मग म्हणाले, “असू दे. एक दिवस नक्कल नाही घेतली तर आभाळ कोसळत नाही,” आणि त्यांनी बटण दाबलं. हलकं.

डोंगर आला. चकती फिरू लागली.

फिरतच राहिली.

पडदा पुन्हा निसटल्यामुळे त्या दिवशी मीही तिथं होतो, आणि धडा होता कॉलरचा. वर्गातला सगळ्यांत अवघड. बायका कात्र्या घेऊन तयार बसल्या होत्या. भिंतीवर कॉलरऐवजी तोच डोंगर आणि तीच चकती, आणि त्यात भावोजींची सावली, वाकलेली.

“काका, आज गिअर पडत नाही वाटतं,” बस चालवणारी म्हणाली.

भावोजींनी तो बंद केला, पुन्हा लावला. तेच. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिलाही नको होतं ते, पण बोलून बसली होती. ती जिन्याशी गेली आणि तिनं हाक मारली. दुकानदार वर आला. चेहरा वाईट नव्हता त्याचा, हात मात्र पुढे केलेला होता. “आणा काका. संध्याकाळी देतो.”

“थांब जरा.”

“त्यात काय बघायचंय? चकतीच आहे.”

“चकतीच्या मागं काय आहे ते बघायचंय,” भावोजी म्हणाले, आणि त्यांनी कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं.

डोंगर गेला. काळ्या चौकोनात पांढरी अक्षरं आली, भिंतीवर हातभर उंच. ती रोजच तिथं होती. सुंदर चित्र लावून भावोजींनीच ती झाकली होती, बायका घाबरतात म्हणून. आता ते भिंतीजवळ गेले आणि चष्मा वर करून वाचू लागले. अक्षरं त्यांच्या कपाळावर, शर्टावर पडली होती. शेवटच्या ओळीशी ते थांबले. मला वाटलं त्यांना कळलं नाही. पण त्यांच्या मानेकडे बघून लक्षात आलं, की कळलंय.

लॅपटॉप वाट बघत होता. त्या डिस्कची. सुरू होताना आधी ही डिस्क जोडून घे, मगच पुढे जा, अशी एक ओळ भावोजींनीच त्यात लिहून ठेवली होती, नक्कल कधी चुकू नये म्हणून. डिस्क असली की तो उघडायचा. नसली की दारात बसून राहायचा. त्यांच्या हातात गुण नव्हता. हातात डिस्क होती.

सोपं होतं त्यांना. लॅपटॉप दुकानदाराच्या हातावर ठेवला असता तर तो सगळं पुसणार होता, ती ओळही. कुणाला काही कळलं नसतं. किंवा, डोकं दुखतंय म्हणून घरी गेले असते, डिस्क घेऊन आले असते, आणि खिडकीजवळची खुर्ची अशी वर्षानुवर्षं त्यांची राहिली असती. ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुकानदारानं हात खाली घेतला.

“अगं,” भावोजी वळून ताईला म्हणाले, “लॅपटॉपचा काही दोष नाही. तुझ्या बोटाचाही नाही. हे मी करून ठेवलंय.”

“काय केलंय?”

त्यांनी सांगितलं, सगळ्यांसमोर. एकही शब्द गाळला नाही. नर्सला हसू फुटलं. “म्हणजे काका, इतके दिवस तुम्ही आजारही घेऊन येत होता आणि औषधही?” सगळ्या हसल्या, ताई सगळ्यांत जास्त. टेबलावर हात टेकून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “आणि मी बावळट डाव्या हातानं दाबतेय!” दुकानदारसुद्धा हसला, पण तो खाली गेला नाही. “ती ओळ दाखवा ना काका,” म्हणाला आणि मागं येऊन उभा राहिला.

भावोजींनी खुर्ची ओढली आणि दुरुस्तीसाठी असलेल्या वेगळ्या वाटेनं ते लॅपटॉपच्या आत शिरले. थोडा वेळ फक्त टकटक ऐकू येत होती. त्यांनी ती ओळ शोधली. तिच्यात एवढंच घातलं, की डिस्क असेल तर घे, नसेल तर पुढे जा. घालण्याआधी मूळ ओळीची प्रत काढून ठेवली. मग लॅपटॉप बंद केला आणि उठून बाजूला झाले.

“तू दाब.”

“मी?”

“तूच.”

ताईनं दारावरची बेल दाबावी तसं दाबलं. डोंगर आला, चकती दोनदा फिरली आणि उघडला. भावोजी म्हणाले, “अजून एकदा.” तिनं बंद करून पुन्हा लावला. उघडला. मग त्यांनी बस चालवणाऱ्या बाईला दाबायला लावलं, नर्सला लावलं, दुकानदारालाही लावलं. प्रत्येकाच्या हातानं लॅपटॉप तितकाच गुणी निघाला.

“मोकळं म्हणतात ते हे होय,” दुकानदार म्हणाला आणि जिना उतरून गेला.

भिंतीवर कॉलर उमटली, पसरलेल्या पंखासारखी. ताईनं पट्टी उचलली. तिचा आवाज एकदम वर्गातला झाला. “चला, आधी मानेचं माप. टाचण्या तोंडात धरायच्या नाहीत, हजारदा सांगितलंय.” पट्टी भिंतीवर ठेवता ठेवता तिनं मागं वळून पाहिलं, मायेनं. “सुटलात हो एकदाचे. आता तुम्हाला रोजची ही कटकट नाही. उद्यापासून खुशाल आराम करा.”

भावोजींनी मान हलवली.

कात्र्या चालू झाल्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर अर्धवट दुमडलेला परकर पडला होता. भावोजींनी तो उचलला, राहिलेले टाके उभ्यानंच घातले, दोरा कापला आणि घडी करून नर्सच्या मशीनवर ठेवला. ती मापात गुंतली होती, तिनं वर पाहिलं नाही. ताई भिंतीवर कॉलरचं टोक दाखवत होती. भावोजी प्रोजेक्टरच्या उजेडात येऊ नयेत म्हणून थोडं वाकून टेबलाच्या कडेकडेनं दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि निघून गेले.