मोठ्या बाबांचा अंगठा

रविवार, ८ फेब्रुवारी १९७६, सकाळी सात वाजून वीस मिनिटे. उजवा अंगठा : चौतीस अंश. ही माझी पहिली नोंद.

माणसाला चेहरा असतो ही गोष्ट अमान्य असलेला एकच मनुष्य सबंध जाफराबाद तालुक्यात होता, आणि तो माझा सख्खा चुलता होता. मोठे बाबा निवृत्त शिक्षक. पण जुने विद्यार्थी ते पायांवरून ओळखत. एसटीतून उतरलेल्या एका कारकुनाला त्यांनी मान वर न करताच विचारले होते, "करंगळी अजून शेजारच्या बोटावर चढूनच बसती का रं?" माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या मुलाचे शिक्षण कोणी विचारण्याआधी त्यांनी त्याला मोजे काढायला लावले. वाकड्या बोटांची माणसे सकाळी आमच्या अंगणात जमत. बोटांच्या बेचक्यात सरकी काढलेला कापूस, वरून सैल सुती पट्टी, आणि रोज पायाच्या बोटांनी गोट्या उचलणे, हा त्यांचा उपचार. नातवंडे झालेले पाटील आमच्या अंगणात गोट्या उचलताना मी पाहिले आहेत. पहिला हुकूम सगळ्यांना एकच असे : "आधी पायताण रुंद करा, जल्दी."

स्वतः ते आखूड, टोकदार, काळ्या बुटांत वावरत. पहिल्या पगारात जालन्याला तेवढाच जोड मिळाला होता. पुढे तीस वर्षे ते त्याच मापाचा घेत राहिले. अंगठा शेजारच्या बोटाखाली सरकला, सांध्यावर जखम झाली. हे बूट सुटले नाहीत तर अंगठा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावले. मी औरंगाबादला वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होते; प्रत्येक सुट्टीत कोनमापक लावून अंगठा किती कलला याची नोंद घेत होते. सर्व बाजूंनी विचार करून मी रुंद, उघड्या चपला आणल्या. त्यांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या.

"माय, माझा बाप पाटलाच्या गल्लीतून चपला हातात घेऊन गेल्ता. 'काढ' म्हणलं की चप्पल निघती. नाडीच्या बुटाला येळ लागतो. तोवर म्हणणारा कटाळून घरात जातो."

"आता कोणी म्हणत नाही, बाबा."

"न्हाई म्हणत. बूट बघून राह्यलेत ना ते."

माझ्या मोजमापात ती गल्ली धरलेलीच नव्हती. मग वर्तमानपत्रावर त्यांच्या पावलांची बाह्यरेषा काढली आणि जालन्याच्या कारागिराकडून रुंद पंजाचे, नाडीचे, काळे बूट शिवून घेतले. ते हाती येईपर्यंत जखम हाडापर्यंत उतरली होती आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला होता.

आदल्या संध्याकाळी ते नवे बूट घालून, माझा खांदा धरून, दोनदा थांबत त्या गल्लीतून गेले. ओट्यावर गोट्यांवालेच पाटील बसले होते.

"गुर्जी, नवे का?"

"बिलकुल. रुंद हायेत. तुम्हीबी घ्या."

घरी येऊन नाड्या मी सोडल्या. नाडीच्या प्रत्येक वेढ्याला ते डोळे मिटत होते. मी कोनमापक लावला.

"किती भरला?"

"तीस. कमी झालाय."

"बराबर," ते म्हणाले आणि भिंतीला टेकले. "रुंद पायताण. मी सगळ्यांना हेच सांगत आल्तो."

वहीशी मात्र मी खोटे बोलले नाही. रविवार, १६ मे, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटे. उजवा अंगठा : एक्केचाळीस अंश.