तारांकित प्रश्नाचं उत्तर
फिनेलचा वास आला की आटपाडीकडच्या आरोग्य केंद्रातली ती दुपार आठवते. मी तिथं नर्स होते, औषधसाठ्याची नोंदही माझ्याकडंच होती. डाळिंबाच्या बागेत एका बाईला साप चावला होता. आमच्याकडं सर्पदंशाची लस नव्हती आणि दुसरीकडं नेताना ती वाटेतच गेली. आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न लावला: ‘केंद्रात लस नव्हती, हे खरे आहे काय?’ तासाभरात उत्तर पाठवायचं होतं, जिल्ह्यातून फोनवर फोन येत होते. डॉक्टरांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढं सरकवला: ‘लस उपलब्ध होती.’ “सिस्टर, सही करा. वरून सांगितलंय.” घरात मी एकटीच कमावती होते. पण साप चावला त्या दिवशी तिच्या नवऱ्याला ‘लस नाही’ असं मीच सांगितलं होतं. “आवं बाई, परत एकदा बगा की,” म्हणत तो हात जोडत होता. मी ती ओळ खोडली, ‘लस नव्हती’ असं लिहिलं आणि सही केली. डॉक्टरांनी कागद ओढून घेऊन वाचला, मग त्यांनीही खाली सही केली. सभागृहात मंत्र्यांना म्हणावं लागलं, “होय, हे खरे आहे.” पुढच्याच महिन्यात केंद्रात लस आली आणि माझ्या हातात बदलीची ऑर्डर. आता निवृत्त झालेय. नोकरीत हजारो सह्या केल्या, लक्षात राहिली ती तेवढी एकच.