रताळ्यातल्या सोंडकिड्याचा कोष

निजामी अमदानीत माझे यजमान परभणीच्या सरकारी शेतीफार्मवर नोकरीला होते. रताळ्याला लागणाऱ्या सोंडकिड्याचं वर्णन लिहायचं आणि त्याची चित्रं काढायची, हे त्यांचं काम. पण त्यांची नजर जात चालली होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. कुणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, राहतं क्वार्टरही गेलं असतं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत भिंग मी हातात घेतलं.

ते शेजारी बसून विचारायचे, "काय दिसायलंय?"

"पांढरा कोष हाय. तांदळाएवढा."

"सोंड?"

"छातीवर टेकलीय. पाय बी पोटाशी घेतलेत."

"पंख?"

"लय बारके. कडेनं खाली मुडपलेत."

"शेपटाला दोन काटे असतील. नीट बघ."

काटे होते. चूल सोडून किड्याचं बूड रेखाटायची वेळ आली म्हणून मी चिडायचे, रडायचे, खोडून पुन्हा काढायचे. रांगोळीपलीकडे मला काही येत नव्हतं.

तपासणीचे साहेब हैदराबादहून दोन दिवस उशिरा आले. मी देव पाण्यात घालून बसले होते. त्या घोरात कोषाची काचेची डबी बघायची राहून गेली. चूक माझीच.

ओसरीवर साहेबांनी चित्र पाहून मान डोलावली. मग डबी पुढे सरकवून म्हणाले, "समझाइए."

यजमानांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पाठ केलेलं सांगायला लागले. सोंड छातीवर, पाय दुमडलेले. आवाज खणखणीत. मी दाराआडून पाहिलं, तर डबीत कोषाचं नुसतं फोलपट पडलेलं आणि तांबूस किडा काचेवर चढत होता. परक्या पुरुषासमोर आमच्यात बाईनं बोलायचं नसतं. मी खोकले, बांगड्या वाजवल्या. यजमान आपले शेपटाच्या काट्यांपर्यंत पोचले होते.

साहेबांनी त्यांना पुरतं बोलू दिलं. मग त्यांच्या हातातलं भिंग काढून घेत हळूच विचारलं, "कब से नहीं दिखता?"

यजमानांची मान खाली गेली. मला ते बघवेना. पदर ओढून मी उंबरा ओलांडला.

"दोन साल झाले, साहेब. चित्रं मी काढायलेय. आमाला हाकलू नका, म्होरं बी मीच काढते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चित्र मात्र घडी न घालता जपून फायलीत ठेवलं. महिनाअखेर क्वार्टर सोडायचा हुकूम आला.