पाहुणा न जाताच शिजलेली आश

तूबाखानम,

तुमच्याबद्दल लिहायचं म्हटलं की तुम्ही लगेच म्हणणार, "अहो बाई, माझं काय लिहिता? मी आपली चूल नि पातेलं." तुमचं हे नाही-नाही मला पाठ आहे. तिसऱ्यांदा नाही म्हणेपर्यंत ते कुणी खरं धरायचं नसतं. गल्लीबाहेरच्या लोकांना तुम्ही ठाऊक नाही, म्हणून आता त्यांना सांगते. तुम्ही ऐका, आणि मध्ये बोलू नका.

काशानच्या आमच्या गल्लीत तूबाखानमचं दोन खोल्यांचं घर. नवरा मुर्तझा-आगा, पोस्टातून निवृत्त झालेला, बोलायची वेळ आली की खोकणारा. एकुलती मुलगी फरांगीस इस्फहानला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. ती आईकडे येणार होती, चाळीस दिवस राहणार होती, आणि तिच्यासाठी दक्षिणेच्या खिडकीची उन्हाची खोली ठरलेली. त्या खोलीत नवरोजच्या दुसऱ्या दिवसापासून शुक्रुल्लाखान झोपत होते.

हे मुर्तझा-आगांचे मावसभाऊ. बिरजंदहून सणाला भेटायला आले ते एक छोटी बॅग आणि झिरेश्कची, म्हणजे वाळवलेल्या आंबट लाल फळांची, पिशवी घेऊन. सणाच्या तेराव्या दिवशी सगळं काशान शहराबाहेर गवतावर जेवायला जातं, तिथे ते पोटभर जेवले आणि म्हणाले, "वहिनी, उद्या निघतो."

"असं कसं! चार दिवस राहा, नाहीतर मी जन्मात बोलणार नाही," तूबाखानम म्हणाल्या. असं म्हणायचंच असतं. मग पाहुण्याने नको म्हणायचं, आपण पुन्हा धरायचं, त्याने पुन्हा नको म्हणायचं. तिसऱ्या नकोला आपण उसासा टाकायचा आणि बॅग दारापर्यंत न्यायची.

शुक्रुल्लाखान पहिल्याच आग्रहाला म्हणाले, "बरं, राहतो."

त्यानंतर दर तीन-चार दिवसांनी ते "उद्या निघतो" म्हणत, तूबाखानमच्या तोंडून "असं कसं" निघून जाई, आणि ते बसत. पाहुणा देवाचा लाडका, त्याला जा म्हणायचं कुणी? माणूस तसा वाईट नव्हता. पण भाताच्या तळाची कुरकुरीत खरवड, ज्यावर मुर्तझा-आगांनी पस्तीस वर्षं हक्क सांगितला, ती सबंध त्यांच्या ताटात जाई. ते ती हातात धरून खिडकीच्या उजेडात बघत आणि म्हणत, "वहिनी, ही खायची की भिंतीवर लावायची?" आणि खात.

एकेचाळिसाव्या दिवशी फरांगीसचा फोन आला. "आई, आठवड्याने येते. खोली झाली का गं रिकामी?"

"झालीच म्हण," तूबाखानम म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही सांगा त्यांना."

मुर्तझा-आगा खोकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूबाखानमनी अंगणात मोठं पातेलं चढवलं. शेवया, कडधान्यं आणि ढीगभर पालेभाजीची दाट आश. ती आमच्याकडे कधीही होते. पण अशी अंगणात, गल्लीभर पुरेल एवढी शिजली की ती प्रवाशाची. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीमागे शिजवायची आणि वाटायची, म्हणजे तो सुखरूप पोचतो.

शुक्रुल्लाखान पायजम्यात बाजेवर बसून पालक निवडू लागले. माणूस कामसू होता, तेही सांगितलं पाहिजे.

"कोण गेलं, वहिनी?"

"तुम्ही," तूबाखानम म्हणाल्या. हातातला डाव थांबला नाही.

पालकाची जुडी तेवढी थांबली. "मी? कधी?"

"परवा. सकाळच्या गाडीने."

पाहुण्याने विचार केला. बाईमाणूस खोटं बोलते म्हणणं सभ्यपणात बसत नाही. "मग आतापर्यंत पोचलो असेन," ते म्हणाले.

"देवाची कृपा. गाडीत त्रास नाही ना झाला?"

"छे. खिडकीची जागा मिळाली."

तेवढ्यात गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन आल्या. शेजारची इश्रतखानम दारातूनच ओरडली, "गेले का गं शेवटी?" आणि समोर त्यांना बघून तिने चादरीचा पदर तोंडात कोंबला. मग सावरून म्हणाली, "भला माणूस हो. खायचा तेवढा जरा जास्त."

"जास्तच," शुक्रुल्लाखान म्हणाले. "पण निवडून-टिपून द्यायचा."

"ते द्यायचा. देवाने सुखी ठेवावं त्याला, तिकडेच."

"आमीन," शुक्रुल्लाखान म्हणाले आणि वाटी पुढे केली. वरून तळलेला पुदिना आणि वाळवलेल्या ताकाचं आंबट कश्क घालून त्यांनी स्वतःच्या प्रवासाची आश दोनदा खाल्ली. तिसरी वाटी मात्र भरता भरता खाली ठेवली. "मुर्तझा, गेलेल्या माणसाने इतकं खाणं बरं दिसत नाही."

मुर्तझा-आगा खोकलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या सकाळी बिछाना घडी करून खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला होता, खिडकीची काच ओल्या कागदाने पुसलेली होती, आणि शुक्रुल्लाखान बॅग घेऊन दारात उभे होते. "येतो, वहिनी."

तूबाखानमच्या तोंडून निघून गेलं, "असं कसं! चार दिवस राहा!"

अख्खी गल्ली गार. इश्रतखानमने कपाळावर हात मारून घेतला. शुक्रुल्लाखाननी बॅग खाली ठेवली.

"नको, वहिनी," ते म्हणाले.

तूबाखानमना थांबता येईना. "माझी शपथ आहे तुम्हाला."

"नको."

"खरवड ठेवलीय तुमच्यासाठी."

हे ठरलेल्या बोलीतलं नव्हतं. पातेल्यात खरवड खरोखरच होती. शुक्रुल्लाखान म्हणाले, "नको. फरांगीसला ती उन्हाची खोली लागेल." आणि बॅग उचलली.

तेव्हा तूबाखानम, तुम्ही आतून पाण्याची वाटी घेऊन आलात, हिरवं पान टाकलेली. जाणाऱ्याच्या पाठीमागे पाणी शिंपडलं की तो परत येतो. ते पाचवीतल्या पोरालाही ठाऊक आहे. ते कोपऱ्यापर्यंत पोचले तरी तुमचा हात वर होईना, आणि खालीही जाईना. मग वाटी माझ्या हातात कोंबलीत. "बाई, तुम्ही टाका. माझं दूध उतू जातंय." तुमच्या चुलीवर दूध नव्हतं.

फरांगीसचा मुलगा आता सातवीत आहे. शुक्रुल्लाखान त्यानंतर आले नाहीत. दर सणाला झिरेश्कची पिशवी येते, वर पत्ता त्यांच्या अक्षरात. दर सणाला तुम्ही खरवडीचा एक तुकडा संध्याकाळपर्यंत झाकून ठेवता आणि मला विचारता, "बाई, पाणी टाकलंत ना तुम्ही?" मी हो म्हणते.

नव्हतं टाकलं. मी तिथे उभी राहून विचार करत बसले की तुम्हाला ते यायला हवेत की नकोत, आणि तेवढ्यात ते कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले. पाणी मी जिरेनियमच्या कुंडीत ओतलं. वाटी अजून माझ्या फडताळात आहे, ती रिकामी कशी परत करू म्हणून राहिली आहे.